विरळणी

शालिमारला, मोबाइल कव्हरांच्या दुकानावर
दुसरा मजला. जिन्यात कायम फिनेलचा वास.
दारावर लेबलचं नाव सोनेरी अक्षरांत,
त्यातला एक काना गळालाय गेल्या दिवाळीला.
मी इथे गाणी कापतो.

हर्षाली बागूल पिंपळगावहून आली
पॅकहाऊसला सुट्टी होती त्या दिवशी.
बोटांवर पनेटच्या कडांचे बारीक काप,
मोबाइलमध्ये गाणं, पाच मिनिटं अकरा सेकंद.
शेठने ते उभ्यानेच ऐकलं.
“आवाज आहे,” म्हणाले,
“पण ताई, लोक सात सेकंद थांबतात.
तेवढ्यात गाणं लागलं नाही
तर अंगठा वर सरकतो.
अंगठ्याला दयामाया नसते.”

आधी तिची सुरुवातीची गुणगुण गेली.
मग अख्खं दुसरं कडवं,
ज्यात कोल्ड स्टोरेजमधून बाहेर आल्यावर
बधिर बोटं दुखायला लागतात
आणि ती एकेकीला नावाने हाक मारते,
करंगळीला मंदा, अंगठ्याला मुकादमीण.
एक्केचाळीस सेकंद.
माऊसच्या एका टिचकीत.

मला वाटलं, रडेल.
ती खुर्ची पुढे ओढून पडद्याकडे बघत राहिली.
“ही तर विरळणी,” म्हणाली.
“आम्हीपण कात्री घेऊन बसतो वेलीखाली,
घडातले निम्मे मणी खुडतो,
तेव्हा उरलेले अठरा मिलिमीटर भरतात.
पण खाली पडतात ते कच्चे असतात, दादा.
हे कच्चं नव्हतं.”

पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहिलेलं:
सर्व हक्क, आज असलेल्या व पुढे निघणाऱ्या
सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमचे.
तिने बोट ठेवून दोनदा वाचलं.
“संपूर्ण विश्वात म्हणजे ओझरच्या पुढे?”
शेठ हसले, चहा सांगितला.
चहा येईपर्यंत सही झालेली.

शुक्रवार, सकाळी अकरा.
त्याआधी दहा दिवस माझं जेवण टेबलावरच.
चित्रावर कॉलेज रोडची एक गोरी मुलगी,
मागे कुणाची तरी जीप, तीही उसनी.
गंगापूर धरणाच्या कडेला चार पोरींनी
तीच एक कंबर लचकवली, दोन हजार प्रत्येकी.
सातपूर, मखमलाबादच्या डीजेंना फुकट पेनड्राइव्ह,
अट एवढीच की हळदीत तीनदा तरी वाजलं पाहिजे.
आणि बाहेरगावी कुठल्याशा खोलीत
हजार मोबाइल मांडलेले फळ्यांवर,
ते रात्रभर आमचं गाणं ऐकत होते
कान नसताना.

गाणं गाजलं.
म्हणजे त्यातले पंधरा सेकंद गाजले.
द्वारकेच्या सिग्नलला एका वेळी तीन रिक्षांत,
एकीत सुरू, एकीत अर्धं, एकीत संपत आलेलं.
पाथर्डी फाट्याच्या लॉनवर
मावसबहिणीच्या हळदीत हर्षालीही नाचली.
कुणीतरी ओरडून विचारलं, कुणाचं गं हे?
तिने लेबलचं नाव सांगितलं.
हे तिनेच मला फोनवर सांगितलं, हसत,
आणि मग जरा थांबून,
“ते खुडलेलं आहे का हो तुमच्याकडे?”

होतं.
‘नको’ नावाच्या फोल्डरमध्ये मी काहीच पुसत नाही.
शेठला माहीत नाही, बायकोला माहीत आहे.
करार बघितला तर तेही विश्वातलंच,
म्हणजे माझं नाही, तिचंही नाही.
जुनं दोन जीबीचं कार्ड सापडलं ड्रॉवरमध्ये,
त्यात भरलं, एसटीच्या तिकिटात गुंडाळलं,
सीबीएसला पिंपळगावच्या गाडीपाशी दिलं.

तिने तळहातावर घेऊन उलटंपालटं केलं.
“माझ्या मोबाइलला याची खाचच नाही,” म्हणाली.
मग कव्हर काढलं, मागे ठेवलं,
पन्नासच्या एका नोटेशेजारी,
आणि कव्हर दाबून बसवलं,
चारही कोपरे, एकेक करून.